तुरुंगातल्या माणसाचा वकील



मी वकील नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते नगर वाचनालयाच्या बाकावर, कारखान्याच्या गेटसभेत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात तारखेची वाट पाहताना. युनियनचे काम करताना कायद्याची पुस्तके हाताळावी लागली, ती हौसेने नव्हे, गरजेपोटी. तेव्हा आज मी जे बोलणार आहे ते कायदेपंडिताचे विवेचन नाही. एकदा वाट चुकलेल्या माणसाने मागून येणाऱ्यास सांगितलेल्या ह्या खाणाखुणा आहेत, असे समजावे.

शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला पॅरोल मागताना वकील का लागतो आणि तो कसा मिळतो, हा आजचा विषय. तो जाहीर झाला तेव्हा माझ्या एका स्नेह्याने विचारले, "अहो, व्याख्यानाला येणारी ही घरंदाज मंडळी. त्यांचा तुरुंगाशी काय संबंध?" मी म्हटले, "माझाही नव्हता."

गोष्ट २००९ सालची आहे. आमच्या युनियनचा एक सभासद भावकीच्या मारामारीत सापडला. त्यात एकाचा जीव गेला आणि ह्याला जन्मठेप झाली. गुन्हा झाला होता, शिक्षा झाली होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दोन-तीन वर्षांनी त्याची आई अंथरुणाला खिळली. त्याने तुरुंगातून पॅरोलचा अर्ज केला. काही आठवड्यांनी त्याची बायको युनियनच्या कचेरीत आली. हातात एक कागद होता. अर्ज नामंजूर, कारण पोलिस अहवाल प्रतिकूल. अहवालात काय लिहिले होते ते पुढे कळले: दिलेल्या पत्त्यावर कोणी आढळले नाही, जामीनदार उपलब्ध नाही. घराला कुलूप होते हे खरेच होते. ज्या दिवशी चौकशीला पोलिस आले त्या दिवशी ती माउली सासूला घेऊन सरकारी दवाखान्यात बसली होती. म्हणजे ज्या आजारपणासाठी रजा मागितली, त्याच आजारपणामुळे रजा गेली.

ती म्हणाली, "भाऊ, आता काय करायचं?" मी म्हणालो, "वहिनी, वकील करावा लागेल. पैशाचं आम्ही बघतो." आम्ही गेटवर वर्गणी केली. पगाराची तारीख लांब होती, म्हणून तीन आठवडे लागले. वर्गणी जमली, वकील ठरला, कागद तयार झाले, आणि अर्ज दाखल होण्याच्या दोन दिवस आधी म्हातारी गेली. लेकाच्या हातचे पाणी तिला मिळाले नाही.

त्यानंतर मला कळले की, त्या वकिलासाठी एक पैसाही लागणार नव्हता. तुरुंगातल्या प्रत्येक माणसाला सरकारी खर्चाने वकील देण्याचा कायदा तेव्हा देशात लागू होऊन बरीच वर्षे झाली होती. आणि त्याची कचेरी ज्या न्यायालयाच्या आवारात मी आयुष्यभर चहा पीत आलो, त्याच आवारात होती. दुसऱ्यांना हक्क शिकवणारा मी, हा हक्क मला ठाऊक नव्हता. आजचे व्याख्यान हे त्या तीन आठवड्यांचे प्रायश्चित्त आहे.

आता आधी शब्द समजून घेऊ. 'पॅरोल' हा मूळ फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ दिलेला शब्द, वचन. परत येईन असे वचन देऊन कैदी बाहेर जातो. म्हणून आपल्या सरकारी मराठीत त्याला 'अभिवचन रजा' म्हणतात, आणि हे नाव मला मूळ शब्दाइतकेच नेमके वाटते. कैद्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची कल्पना आपल्या मातीत नवखी नाही. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. भिंत नाही, साखळदंड नाहीत, आणि माणसे शेती करीत राहिली. शांतारामबापूंच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' ह्या चित्रपटाला प्रेरणा तिथलीच, आणि त्याची कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी.

मुंबई राज्यात १९५९ साली फर्लो आणि पॅरोल ह्यांचे नियम झाले. पुढे त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या, पण दोन रजांमधला मुख्य भेद ध्यानात ठेवावा. फर्लो, म्हणजे संचित रजा, ही ठराविक शिक्षा भोगल्यावर चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यास मिळू शकते. तिला खास कारण लागत नाही आणि तो काळ शिक्षेत धरला जातो. पॅरोलला कारण लागते. जवळच्या माणसाचे गंभीर आजारपण, मृत्यू, घरातले लग्न, बायकोचे बाळंतपण, घर पडणे, पूर, आग, अशी ही कारणे. पॅरोलचे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत, ते मागाहून भोगावे लागतात. कामगारांना सोप्या भाषेत सांगायचे तर फर्लो ही साठलेली रजा आणि पॅरोल ही अडीअडचणीची बिनपगारी रजा.

इंग्लंड-अमेरिकेत मात्र पॅरोल ह्या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तिथे पॅरोल म्हणजे शिक्षा पुरी होण्याआधी देखरेखीखाली सुटका. त्यासाठी मंडळ बसते आणि कैद्याची सुनावणी घेते. इंग्लंडचे पॅरोल बोर्ड १९६७ च्या कायद्याने अस्तित्वात आले व १९६८ पासून काम करू लागले. २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑसबोर्न खटल्यात सांगितले की, न्यायाची गरज असेल तेथे बोर्डाने नुसते कागद पाहून भागणार नाही, कैद्याला समोर बसवून ऐकले पाहिजे. अमेरिकेत एकदा दिलेला पॅरोल काढून घ्यायचा असेल तर आधी सुनावणी झालीच पाहिजे, असा निकाल १९७२ साली मॉरिसी खटल्यात झाला. दुसऱ्याच वर्षी गॅग्नन खटल्यात, अशा सुनावणीस वकील द्यायचा की नाही हे प्रत्येक प्रकरणाच्या गुंतागुंतीवरून ठरवावे, असे तिथल्या न्यायालयाने म्हटले. म्हणजे तिथला वाद आहे तो सुनावणीत कैद्याच्या शेजारी वकील बसावा की नाही, हा.

आपल्याकडे रजेच्या अर्जावर अशी सुनावणीच होत नाही. कैदी अर्ज देतो. तो अर्ज तुरुंगातून निघतो, पोलिसांकडे चौकशीला जातो, अहवाल येतो, आणि अधिकारी कागद पाहून निर्णय देतो. ज्याचा निर्णय होतो तो माणूस निर्णय करणाऱ्याच्या दृष्टीसही पडत नाही. तेव्हा कोणी म्हणेल, "सुनावणी नाही तर वकील कशाला?" माझे म्हणणे उलट आहे. सुनावणीत निदान माणसाला तोंड तरी असते. जिथे कागदच बोलतो तिथे कागद जाणणारा माणूस अधिक लागतो.

हे मला कारखान्यातल्या खातेनिहाय चौकशीने शिकवले. कामगाराला आरोपपत्र मिळते, चौकशी लागते. एका बाजूला कायदा शिकलेला अधिकारी आणि दुसऱ्या बाजूला रात्रपाळी करून आलेला मशिनवाला. तो निर्दोष असला तरी गांगरतो, नको तिथे सही करतो. म्हणून त्याच्या शेजारी जाणता सहकारी बसू देण्याची पद्धत पडली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालकाच्या बाजूने कायदेतज्ज्ञ उभे असतील तर कामगारालाही वकील घेऊ दिला पाहिजे. जो न्याय नोकरीला लागू, तो स्वातंत्र्याला का नसावा?

हा हक्क एका रात्रीत मिळाला नाही. गरिबाला कायद्याची मदत कशी द्यावी, हे पाहण्यासाठी मुंबई सरकारने १९४९ साली न्यायमूर्ती एन. एच. भगवती ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्यानंतर बराच काळ अहवाल होत राहिले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने घटनेत ३९-अ हे कलम आले. पैशाअभावी कोणीही न्यायाला मुकू नये म्हणून राज्याने मोफत कायदेशीर साहाय्य द्यावे, असे ते कलम सांगते. १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी त्यात दोन गोष्टी ठरवून दिल्या: कैद्याला निकालाची प्रत वेळेवर आणि फुकट मिळाली पाहिजे, आणि अपिलासाठी त्याला वकील परवडत नसेल तर तो राज्याने दिला पाहिजे. हे कृष्ण अय्यर स्वतः १९४८ साली वकील असताना कम्युनिस्टांना कायदेशीर मदत केल्याच्या आरोपावरून महिनाभर तुरुंगात राहून आलेले होते. १९८३ साली पत्रकार शीला बारसे ह्यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या कैद्यांना कायदेशीर मदत पोहोचावी म्हणून आदेश दिले.

अखेर १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अंमलात आला. त्याचे बारावे कलम प्रत्येकाने वाचण्यासारखे आहे. मोफत वकील कोणाला, ह्याची ती यादी आहे. अनुसूचित जाती-जमातींची माणसे, स्त्रिया, मुले, अपंग, आपत्तिग्रस्त, औद्योगिक कामगार, अटकेत वा तुरुंगात असलेली व्यक्ती, आणि शेवटी ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेला कोणीही. उत्पन्नाची अट फक्त त्या शेवटच्यास आहे. कैद्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तो तुरुंगात आहे, एवढेच पुरे. आमचा सभासद त्या यादीत बसत होता, त्याची बायकोही बसत होती, आणि आम्ही गेटवर डबा फिरवीत होतो!

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. घरी गेल्यावर कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून थोडे बारकाईने सांगतो.

पहिली गोष्ट, नकार येण्याची वाट पाहू नये. अर्ज करतानाच मदत मागावी. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात आणि सचिवही न्यायखात्यातलेच अधिकारी असतात. तालुक्याला तालुका समिती असते. साध्या कागदावर अर्ज चालतो: कैद्याचे नाव, तुरुंग, कैदी क्रमांक, शिक्षा आणि कशासाठी वकील हवा, एवढे लिहावे. नातेवाइकाने दिला तरी चालतो. कैदी स्वतः तुरुंग अधीक्षकामार्फत पाठवू शकतो. तुरुंगातही कायदेशीर मदतीचे केंद्र असते, तिथे वकील व विधी स्वयंसेवक येतात. २०२४ च्या ऑक्टोबरात सुहास चकमा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही केंद्रे नीट चालावीत म्हणून आदेश दिले आहेत. १५१०० हा देशभराचा दूरध्वनी क्रमांकही आहे. अर्ज दिला की पोच घ्यावी, आवक क्रमांक टिपून ठेवावा. पोच नसलेला अर्ज हा दिलेला अर्ज नव्हे, हे युनियनच्या कामात मी ठेच खाऊन शिकलो.

दुसरी गोष्ट, कारणाचा पुरावा. आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला हवा. त्यावर नाव, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि तारीख हवी. आजार काय, केव्हापासून, दवाखान्यात कधी दाखल केले, हे लिहिलेले हवे. 'प्रकृती बरी नाही' असा मोघम दाखला नसल्यासारखाच. लग्न असेल तर पत्रिका, घर पडले असेल तर तलाठ्याचा पंचनामा.

तिसरी गोष्ट जामीनदाराची, आणि पुष्कळ अर्ज इथेच बुडतात. कैद्याला घरात घेऊन त्याच्या परतण्याची हमी देणारा नातेवाईक लागतो. त्याचा पक्का पत्ता, शिधापत्रिका, ओळखपत्र अर्जासोबतच जोडावे. पोलिस चौकशीला येतील तेव्हा तो घरी असावा. घरचे दवाखान्यात असतील तर तसे ठाण्यावर आधी लेखी कळवावे आणि शेजाऱ्यालाही सांगून ठेवावे. आमच्या वहिनींना एवढे एक वाक्य कोणी सांगितले असते तर कदाचित अहवाल निराळा आला असता.

चौथी गोष्ट, नकार आलाच तर तो लेखी आणि कारणांसह मागावा. 'शांतता भंग होईल', 'कैदी पळून जाण्याची शक्यता', असे नुसते लिहून भागत नाही. ते कशावरून, ह्याला आधार लागतो. मोघम कारणावर रजा नाकारता येत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने अनेक निकालांत घेतली आहे. आधी नियमाप्रमाणे वरिष्ठांकडे अपील आहे का ते पाहावे, मग घटनेच्या २२६ कलमाखाली उच्च न्यायालयात फौजदारी रिट अर्ज करता येतो. तिथेही वकील फुकट मिळतो; उच्च न्यायालयाची स्वतंत्र विधी सेवा समिती आहे. कैद्याने तुरुंगातून नुसते पत्र पाठवले तरी न्यायालय त्याचा अर्ज करून घेते व वकील नेमते, अशी शेकडो उदाहरणे आहेत. वकीलपत्रावर कैद्याची सही तुरुंगातच होते आणि तुरुंगाधिकारी ती साक्षांकित करतात. तेव्हा 'भेटायला गेल्याशिवाय काही होत नाही' म्हणून पैसे उकळणाऱ्या दलालास दाराबाहेर काढावे. प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलानेही फी मागायची नसते. मागितली तर सचिवांकडे लेखी तक्रार करावी.

फुकटचा वकील मनापासून काम करतो का, असे कोणी विचारील. खरे सांगतो, सगळेच करीत नाहीत. पण पैसे घेतलेले सगळेच करतात का? वकील कोणाचाही असो, त्याला तारखांची आणि घटनांची टाचणी लिहून नेऊन द्यावी. कागद सुसंगत असले की निम्मे काम आपणच केलेले असते. जे नीट काम करीत नाहीत ते बदलून मागता येतात.

आता ह्या सभागृहात अनेकांच्या मनात असलेला प्रश्न घेतो. ज्याने दुसऱ्याच्या घरातला माणूस मारला, त्याचे एवढे लाड कशाला? प्रश्न रास्त आहे. मेलेल्या माणसाचेही घर आहे, त्यालाही आई होती, आणि गुन्हेगार गावात दिसला की त्या घराच्या काळजात चर्र होते. ते भय खरे आहे. पण ते भय कागदावर नीट यावे यासाठीही जाणता माणूसच लागतो. चांगला वकील ते लपवत नाही. तो सांगतो, माझा अशील त्या गावी जाणार नाही, बहिणीच्या गावी राहील, रोज ठाण्यावर हजेरी देईल. मग नकार आणि होकार ह्यांच्यामध्ये तिसरी वाट निघते. वकील नसेल तर भय एका बाजूला आणि गरज दुसऱ्या बाजूला, दोन्ही मुकी राहतात, आणि निर्णय दाराच्या कुलपावर होतो.

शिवाय हा माणूस कधीतरी सुटणारच आहे. बाहेरच्या जगाशी त्याचा धागा टिकावा आणि सुटल्यावर तो समाजात रुजावा म्हणून ह्या रजा आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अश्फाक विरुद्ध राजस्थान ह्या प्रकरणात विशद केले आहे. समाजाच्या सुरक्षिततेचाही विचार करावा, असे त्याच निकालात आहे. रजा हा कोणाचाही निरपवाद हक्क नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली गुजरातेतल्या एका फर्लोच्या प्रकरणात सांगितले. मी रजेचा हक्क सांगत नाही. रजेचा अर्ज नीट मांडला जाण्याचा आणि नीट वाचला जाण्याचा हक्क सांगतो आहे. युनियनचाही दावा कधी 'कामगार नेहमी बरोबर' असा नसतो. त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याला काढू नका, एवढाच असतो.

आणि ज्याला रजा मिळते त्याच्यावर मोठी जबाबदारी येते. ठरल्या दिवशी परत जायचे. उशीर झाला तर माफी कापली जाते, पुढची रजा मुश्किल होते, गुन्हाही नोंदला जाऊ शकतो. खरोखर अडचण असेल तर मुदत संपण्याआधी लेखी मुदतवाढ मागावी. एक माणूस पळाला की मागच्या पन्नास जणांचे अर्ज संशयाने वाचले जातात, हे कैद्याला घरच्यांनीच बजावले पाहिजे.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. त्याच सभासदाच्या मुलीचे लग्न पुढे काही वर्षांनी ठरले. ह्या वेळी वहिनी कचेरीत आल्या त्या पत्रिका घेऊन, लग्नाच्या दोन महिने आधी. आम्ही वर्गणी केली नाही. मी त्यांना घेऊन प्राधिकरणाच्या कचेरीत गेलो. एका तरुण वकीलबाई नेमल्या गेल्या. त्यांनी जामीनदार म्हणून मेहुण्याचे कागद लावले, मयताच्या गावापासून दूर कार्यालय घेतल्याची पावती जोडली, ठाण्यावर आधी पत्र दिले. पहिल्या अर्जाला नकारच आला. बाईंनी तो उच्च न्यायालयापर्यंत नेला आणि रजा मिळाली. अक्षता पडल्या तेव्हा बाप मांडवात होता. मुलीची पाठवणी झाल्यावर तो मला म्हणाला, "दादा, आईच्या वेळी हे माहीत असतं तर." मला उत्तर देता आले नाही. रजा संपली त्या संध्याकाळी मी त्याला तुरुंगाच्या दारापर्यंत पोहोचवायला गेलो. मुदतीला दोन तास बाकी होते. मी म्हटले, चहा घेऊ. तो म्हणाला, "नको. शब्द दिलाय, लवकर गेलेलं बरं."

मित्रहो, आपल्या गल्लीत, आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईच्या घरात, आपल्या कारखान्यात, असा एखादा माणूस आत असेल. त्याच्या घरच्यांना फक्त एवढे सांगा की, जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे, तिथे पैसे लागत नाहीत, आणि उद्याच जा. मला हे एक वाक्य वेळेवर कोणी सांगितले नव्हते.